बालवाडी, फेरीबोट आणि कार्यालय : मुलाला मागे बसवून रोज सायकलने जाणारे पालक येथे आहेत का?

पर्वरीची सायकलवाली | सोमवार, रात्री 9.40

सप्रेम नमस्कार. गेल्या जूनपासून मी आल्त पर्वरीहून पणजीला कामावर सायकलने जाते आणि माझ्या मागच्या सीटवर साडेचार वर्षांची मुलगी असते. तिची बालवाडी पणजीच्या फेरी धक्क्यापासून पाच मिनिटांवर आहे, माझे कार्यालय पणजीतल्याच पाटो भागात. पूर्वी आम्ही स्कूटरने जात असू. मुलगी पुढे, माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये उभी राहायची, जशी आपल्याकडे बहुतेक घरांतली मुले राहतात. महामार्गावर उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून तो रस्ता नकोसा झाला. मांडवी नदीवरचा अटल सेतू 2019 मध्ये खुला झाला खरा, पण त्यावर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे जुन्या पुलांवरच्या गर्दीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकदा स्कूटर दुरुस्तीला टाकली होती म्हणून नदीच्या अलीकडच्या काठावरील बेतीपर्यंत कोणीतरी सोडले आणि तेथून फेरीने पणजी गाठली. घड्याळात पाहिले तर नेहमीपेक्षा केवळ आठ मिनिटे जास्त लागली होती. सायकलचा विचार त्या आठ मिनिटांतून निघाला.

आता माझा रस्ता असा आहे : घरून महामार्ग टाळून आतल्या गल्ल्यांनी बेतीचा उतार, मग फेरी (पायी प्रवाशाला आणि सायकलला भाडे पडत नाही), मग बालवाडी, आणि तेथून नदीच्या काठाने पाटो. प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे अंतर जेमतेम पाच किलोमीटर आहे. लोक मला घामाविषयी आणि चढणीविषयी विचारतात. घामाचे उत्तर कार्यालयात ठेवलेला पंचा आणि दुसरा कुडता हे आहे, आणि चढणीचे उत्तर उतरून चालणे हे आहे. दोन्हींत मला कमीपणा वाटत नाही.

खरा पेच वेगळाच आहे आणि तो मला सुरुवातीला दिसलाच नव्हता. सायकलने कामावर जाणाऱ्यांचे अनुभव मी पुष्कळ वाचले, परंतु ते सगळे घर ते कार्यालय अशा सरळ रेषेवरचे असतात. माझी रेषा सरळ नाही, ती त्रिकोणी आहे, आणि त्या त्रिकोणाचा तिसरा कोन दुपारी एक वाजता सुटतो. जेवणाच्या सुट्टीत मी पाटोवरून निघते, मुलीला घेते, पणजीतल्या मळा भागातल्या पाळणाघरात सोडते आणि दोनच्या आत जागेवर परतते. एप्रिल-मेमध्ये तेव्हा डोक्यावर ऊन असते, आणि जुलैमध्ये आभाळ नेमके त्याच वेळी फाटते असा माझा पक्का समज झाला आहे.

मला दोन गोष्टींवर मत हवे आहे. मुलीला पुढच्या वर्षी पर्वरीच्याच शाळेत घालावे, की पणजीत ठेवावे? आणि दुसरे म्हणजे, मागच्या आठवड्यात पणजीच्या धक्क्यावर मुलीला सीटवर बसवत असताना साइड स्टँड सरकला आणि सायकल तिच्यासकट माझ्या अंगावर आली. कोणाला लागले नाही, परंतु त्या दिवसापासून मला तिला बसवण्याचीच भीती वाटते, चालवण्याची नाही.

पाना-पक्कड | सोमवार, रात्री 10.25

ताई, तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. मूल घेऊन चालणारी सायकल चालताना सहसा पडत नाही, उभी असताना पडते, कारण चाक फिरत नाही आणि चालवणाऱ्याचा एक हात मुलाच्या पट्ट्यात गुंतलेला असतो. साइड स्टँड हा रिकाम्या सायकलसाठी असतो. तुमची मुलगी सोळा-सतरा किलोची असेल, सीट तीन-चार किलोची. एवढे वजन मागच्या चाकाच्या वर, तेही उंचावर, म्हणजे उतरत्या धक्क्यावर ती सायकल उलटणारच. दुधाच्या आणि पावाच्या सायकलींना असतो तसा रुंद पायांचा डबल स्टँड बसवून घ्या. तो बसवल्यावरही क्रम पाळा : आधी सपाट जागा, मग पुढचा ब्रेक रबरी पट्ट्याने आवळून ठेवणे, मग मूल, आणि पिशवी सर्वांत शेवटी. उतरवताना मूल सर्वांत आधी.

दुसरी गोष्ट आपण विचारली नाही, पण सांगतो. मागच्या चाकाच्या आऱ्यांना दोन्ही बाजूंनी जाळी आहे का? चांगल्या सीटला पाय अडकवायचे खोबण आणि पट्टा असतो, तरीही मूल झोपले की पाय सुटतो. आऱ्यांत टाच गेल्यामुळे होणारी जखम फार वाईट असते. नुसत्या कॅरिअरवर बसवलेल्या मुलांमध्ये ती हमखास दिसते. पूर्वी बायकांच्या सायकलला साडी अडकू नये म्हणून जाळी लावत, तीच जाळी येथे कामाला येते.

चढणीविषयी थोडे गणित. साध्या बिनगिअरच्या सायकलला पुढे 44 दाते आणि मागे 18 असतील, तर 26 इंची चाकावर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5 मीटर पुढे जाते. पुढे 32 आणि मागे 34 दाते असतील तर एका फेऱ्यात 2 मीटरही जात नाही. वेग पायी चालण्याइतका होतो, पण गुडघा वाचतो. बेतीची चढण वजनासह चढायची असेल तर हा बदल करून घ्या, खर्च स्टँडपेक्षा जास्त येईल.

पावसाळ्यात रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर दर रविवारी रबर काढून पाहा. आपल्याकडची जांभ्याची लाल माती त्या रबरात रुतते आणि कानशीसारखी रिम घासत राहते. माझ्या एका गिऱ्हाइकाची रिम दोन पावसाळ्यांत कागदासारखी पातळ झाली होती.

संकासुर | मंगळवार, सकाळी 7.15

सर्वांची क्षमा मागून विरोधी मत मांडतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती आणि आज नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या तिच्याही पुढे गेली आहे. त्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्या, ज्यांच्या चालकाला पुढचे वळण कोठे आहे हे फोन सांगतो. अशा रस्त्यावर मोठ्या माणसाने सायकल चालवावी, तो त्याचा प्रश्न आहे. साडेचार वर्षांच्या मुलीने तो धोका पत्करावा असे तिला कोणी विचारले? पर्यावरणाची आवड मोठ्यांची आणि जीव लहानाचा, हा व्यवहार मला पटत नाही. शाळांची बालरथ बस आहे, सरकारी कदंब बस आहे, शेजाऱ्यांच्या गाडीत जागा असते.

बेतीकर आजोबा | मंगळवार, सकाळी 11.05

संकासुर यांच्या काळजीला मी उणे म्हणणार नाही, पण हा रस्ता मुलांना अगदीच नवा नाही. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा जुना पूल कोसळला. नवा पूल 1992 मध्ये खुला झाला. मधल्या सहा वर्षांत नदीपलीकडच्या बार्देश तालुक्यातला माणूस पुष्कळदा पणजीला फेरीने गेला. नोकरदार, विद्यार्थी, मासळीच्या टोपल्या, आजारी माणसे, सगळे त्याच फेरीत. मी तेव्हा पणजीत कारकून होतो आणि माझा मुलगा तिसरीत. माझ्या सायकलच्या दांडीवर एक छोटी पत्र्याची सीट बसवलेली होती, वर गोणपाटाची घडी. मुलगा तिच्यावर बसून हँडल धरायचा आणि घंटी वाजवण्याचा हक्क त्याचा असे.

त्या काळातले मला आठवणारे शहाणपण एवढेच की, धक्क्याच्या उतारावर कोणी सायकलवर बसून जात नसे. ओहोटीला त्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. मुलाला आधी खाली उतरवायचे, त्याने कठड्याच्या बाजूने चालायचे, आणि सायकल आपण नदीच्या बाजूला धरायची. घसरली तर सायकल पाण्यात जाईल, मूल नाही. फेरीत शिरताना मोटारी आधी जाऊ द्यायच्या आणि बाहेर पडताना त्या गेल्यावरच निघायचे. दोन मिनिटे जातात. त्या दोन मिनिटांत मुलाशी जे बोलणे होई ते घरी होत नसे, पण हा विषय वेगळा.

रायबंदरकर | मंगळवार, दुपारी 3.30

मी ताईंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण तो प्रश्न स्टँडपेक्षा मोठा आहे आणि त्यावर आमच्या घरी वर्षभर वाद चालला होता.

आम्ही रायबंदरला राहतो आणि मी पणजीला कामाला जातो. रस्ता पूर्ण सपाट आहे, कारण तो सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी दलदलीतून बांधलेल्या लिन्यारेसच्या बांधावरून जातो. तीन किलोमीटर लांबी, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. सायकलसाठी याहून देखणा रस्ता आमच्या तिसवाडी तालुक्यात नाही. परंतु त्या बांधाला कड नाही. मागून बस आली तर बाजूला होण्यासाठी जागाच नसते, आणि एकदा बांधावर चढलात की दुसऱ्या टोकापर्यंत सुटका नाही. मी एकटा असताना तो रस्ता मला आवडतो. मुलगा मागे असताना त्या तीन किलोमीटरांत मी एकदाही मिठागरांकडे पाहिलेले नाही.

म्हणून आम्ही दोन्ही मुलांना घराजवळच्या प्राथमिक शाळेत घातले. पणजीच्या शाळेचे नाव मोठे होते, नातेवाइकांनी नाके मुरडली. पण आता मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती स्वतःच्या सायकलने गावातल्या रस्त्याने शाळेत जाते. मी सकाळी तिच्या मागे, किंचित उजवीकडे राहून चालवतो, म्हणजे ओलांडणाऱ्या गाडीला आधी मला वळसा घालावा लागतो. धाकटा मागच्या सीटवर असतो. आठ मिनिटांत दोघांना सोडतो आणि मग एकटा बांधावर चढतो. दुपारी आजी चालत जाऊन आणते.

माझे मत असे की मुलाचा प्रवास लहान आणि संथ असावा, लांब आणि वेगाचा भाग आपण एकट्याने करावा. सायकल कोणती घ्यावी हा प्रश्न नंतरचा आहे; शाळा कोठे आहे यावर नव्वद टक्के गोष्टी ठरतात.

पर्वरीची सायकलवाली | मंगळवार, रात्री 10.10

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजोबा, मी आजवर सायकल कठड्याच्या बाजूला आणि मुलीला नदीच्या बाजूला धरत आले होते. हे वाचून हात थंड पडले. आज सकाळपासून बाजू बदलली आहे.

संकासुरदादा, आपला आक्षेप मला घरीही रोज ऐकावा लागतो, त्यामुळे राग आला नाही. पण एक सांगते. आमची तुलना घरात सुरक्षित बसलेल्या मुलीशी नाही, स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलीशी आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. स्कूटर चाळीसच्या वेगाने जायची, मी सायकलवर मुलीसह पंधराच्या वर जात नाही. बेतीच्या उतारावर तर माझे दोन्ही ब्रेक दाबलेलेच असतात. बालरथ आमच्या बालवाडीला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत जागा आहे, पण ती गाडी सव्वासातला निघते आणि साडेचार वर्षांचे मूल पाऊण तास आधी शाळेच्या पायरीवर बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. तरीही मी एक मर्यादा घातलेली आहे : हवामान खात्याने लाल इशारा दिला, किंवा रात्री मुलीची झोप नीट झाली नाही, तर त्या दिवशी सायकल नाही, बस. जूनपासून असे एकवीस दिवस झाले. ते मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपले आहेत, कारण सासूबाईंनी विचारल्यास पुरावा असावा.

रायबंदरकर, तुमचे म्हणणे तर्काने मला पूर्ण पटते. पण तुमच्या घरी आजी आहेत. आमच्या सासूबाई म्हापशाला असतात, नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला, तो सकाळी सातला बाहेर पडतो. मुलगी पर्वरीच्या शाळेत असेल आणि अकरा वाजता तिला ताप आला, तर माझ्यात आणि तिच्यात एक नदी आहे आणि फेरीची वाट पाहणे आहे. आज ती माझ्यापासून दहा मिनिटांवर आहे. मुलाचा प्रवास लहान असावा, हे खरे. पण मूल आणि आई यांच्यातले अंतरही लहान असावे, आणि एकाच सायकलने दोन्ही साधत नाही.

फातोर्ड्याची आई | बुधवार, सकाळी 9.50

ताई, मी मडगावात तीन वर्षे हेच करते आहे. आपल्या दुपारच्या फेरीविषयी दोन शब्द, कारण माझ्या चुका तेथेच झाल्या.

चालवणारा घामाघूम असतो आणि मागे बसलेले मूल हालचाल करत नाही, ही गोष्ट आपल्या शरीराला कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी रेनकोट घालायचा कंटाळा करी, कारण आत उकडते. मुलालाही पातळ प्लास्टिकचा घातला होता. घरी पोहोचले तेव्हा माझ्या अंगाच्या वाफा निघत होत्या आणि त्याचे ओठ निळे पडले होते. मुलाला पावसात आपल्यापेक्षा एक कपडा जास्त लागतो. उन्हात उलटे नव्हे, दोघांनाही त्रास होतो, फक्त मूल सांगत नाही, गप्प होते. उन्हात उभ्या राहिलेल्या सीटच्या पट्ट्याचे बक्कल आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. सीटवर ओले फडके झाकून ठेवण्याची सवय मला एका भाजल्याच्या डागामुळे लागली.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे, त्याहून मागे नाही. बहुतेक आया ते टोपीसारखे मागे सरकवतात, म्हणजे कपाळ उघडे राहते.

चढण फार जड होत असेल तर विजेवर चालणारी सायकल पाहा. मोटर 250 वॉटच्या आतली असेल आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या पुढे जात नसेल, तर कायद्याने ती मोटार वाहन ठरत नाही. परवाना किंवा नोंदणी लागत नाही. दुकानात मात्र याहून ताकदीच्या गाड्याही त्याच वाक्यासह विकल्या जातात, तेव्हा पाटीवरचा आकडा स्वतः वाचा. मी घेतली आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही, फक्त जिन्यावरून वर नेताना दरवेळी होतो.

पाना-पक्कड | बुधवार, सकाळी 10.30

विजेच्या सायकलला दुजोरा, एका पुस्तीसह. भिजून आलेल्या सायकलची बॅटरी लगेच भारणाला लावू नये. आधी जोडणीची तोंडे कोरड्या कापडाने पुसावीत आणि तासभर वाळू द्यावीत. समुद्राकडच्या हवेत पितळी टोकांवर हिरवा थर चढतो, तो पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढावा लागतो.

संकासुर | बुधवार, रात्री 8.45

ताईंचे उत्तर वाचले. स्कूटरवर पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाशी तुलना केली, तेथे मी निरुत्तर आहे, कारण माझी नात रोज तशीच जाते आणि तिला सोडणारा मीच आहे. एकवीस दिवस बसने गेल्याची नोंद ठेवणाऱ्या आईला बेजबाबदार म्हणणे चुकले. परंतु माझा मूळ आक्षेप कायम आहे. सायकलसाठी कड नसलेल्या रस्त्यावर एवढी खबरदारी आईनेच का घ्यावी? स्टँड तिचा, जाळी तिची, नोंदवही तिची. रस्ता बांधणाऱ्याने काय केले? पांढरा पट्टा मारला तर त्यावर दुसऱ्या दिवशी मोटारी उभ्या असतात.

रायबंदरकर | बुधवार, रात्री 9.20

या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. आणि ताई, आजीचा मुद्दा मान्य. मी आमच्या घरची सोय सर्वांची सोय समजून लिहिले होते. एक मधला मार्ग सुचवतो : बालवाडी पणजीतच पूर्ण होऊ द्या, आणि पहिलीला, मुलगी थोडी मोठी झाल्यावर, पुन्हा विचार करा. ती वीस किलोच्या पुढे गेली की तसाही आपल्याला हा प्रश्न सायकलच विचारील. बहुतेक मागच्या सीटची मर्यादा 22 किलोची असते.

पर्वरीची सायकलवाली | पुढील रविवार, सायंकाळी 7.30

थोडक्यात कळवते. डबल स्टँड म्हापशाला मिळाला, पावाच्या सायकलचा, चांगला लोखंडी. जाळी बसवली. मागचे दाते बदलले, आणि शुक्रवारी बेतीची चढण मुलीसह न उतरता चढले. वाटेत एका कुत्र्याने आम्हाला सहज मागे टाकले. कार्यालयात सायकल आवारात ठेवू देत नव्हते, ती रस्त्यावर उन्हात राही. वरिष्ठांना लेखी अर्ज दिल्यावर जिन्याखाली जागा मिळाली, त्यामुळे बक्कलही आता तापत नाही. शाळेचे रायबंदरकरांनी सुचवल्याप्रमाणे पहिलीवर ढकलले आहे. दुपारची फेरी आहे तशीच आहे, तिच्यावर मला तोडगा सापडलेला नाही.

आजोबांच्या मुलाप्रमाणे आमच्या मुलीलाही आवाजाचा हक्क हवा होता. घंटी तिला पसंत पडली नाही, तिला सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराचा रबरी भोंगा हवा होता. तो सीटच्या पुढच्या दांडीला बांधून दिला. काल संध्याकाळी घराजवळच्या गल्लीत तिने तो दोनदा दाबला, तर एक आजी दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी चार उंडे पाव मागितले.